वाळूतली विहीर

विहिरी खोदणाऱ्यांकडे किस्से फार साचतात. कारण सोपं आहे. एक माणूस खाली असतो आणि बाकीचे काठावर जीव मुठीत धरून उभे असतात. भीती घालवायला काहीतरी बोलावंच लागतं!

आमची टोळी पिपरी मेघेची. खाली उतरतात सुदामभाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान. क्रेन चालवतो गजानन. मी भूगर्भशास्त्रात बीएस्सी, त्यामुळे भिंतीतली वाळू सरकतेय का ते बघत राहणं हे माझं काम. ताई रोज सकाळी डबा देताना एवढंच म्हणते, "त्यायले वर आणजो."

*

वडनेरजवळ नदीकाठच्या शेतात वाळू लागली, त्या दिवशी मला शहाणपणा सुचला. ओली वाळू तळहातावर घेऊन भाऊजींना दाखवली.

"हे पांढरे कण गारगोटीचे, हे काळे आपल्या काळ्या पाषाणाचे. हे सारं कधी काळी डोंगरात होतं. ऊनपाण्यानं फुटलं, नदीनं घासून घासून बारीक केलं."

भाऊजींनी वाळू बोटांमधून खाली सोडली. "डोंगर नाई टिकला बाप्पा, अन् तू म्हणतं विहीर टिकन!"

गजानन हसला. मी मात्र पुन्हा भिंत बघायला वाकलो.

*

चहाच्या वेळी गजाननला प्रश्न पडला, "मंग हे वाळू पुन्हा दगड होते का नाई?"

"होते ना! थरावर थर पडले का वजनानं दाबून जाते. मधातून पाणी झिरपते. त्यातला चुना, नाई तं लोखंडाचा गंज, कणाले कण चिकटवते. झाला वालुकाश्म!"

"किती टाइम लागते?"

"लाखो वर्सं."

"मंग आपुन घाई काऊन करून राह्यलो बे? भाऊले तवाच उतरवू!"

भाऊजींनी लगेच हेल्मेट काढून ठेवलं. ते पुन्हा घालायला त्यांनी दुसरा चहा होईपर्यंत वेळ लावला.

*

आमच्या टोळीत 'बसा' हा शब्द बंद आहे. विहीर ढासळली की आम्ही 'विहीर बसली' म्हणतो, म्हणून पाहुण्यालाही 'टेका' म्हणायचं! हिंगणघाटकडच्या एका शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या आईला हे कुठून ठाऊक असणार? बिचारी चहाची किटली घेऊन विहिरीपाशी आली आणि मोठ्यांदा म्हणाली, "बसा, बसा!"

क्रेनची वाट न बघता भाऊजी दोर धरून वर आले. चिखलानं माखलेले, डोळे पांढरे. आजी त्यांच्याकडे बघतच राहिली. "इतकी तलफ आलती काय बाप्पा?"

आम्ही तिघांनीही चहा उभ्यानंच घेतला.

*

एकदा वरच्या कोरड्या थरातून छान तांबूस दगड निघाला. गजाननने तो हौसेनं सिंदी मेघेला सासुरवाडीत दिला, कपडे धुवायला! दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन. "जवाईबापू, तुमचा दगड मोरीतून वाहून गेला!"

अर्धाच घट्ट झालेला, कच्चा दगड होता तो. पाणी पडलं आणि पुन्हा वाळू झाली. आम्ही पोट धरून हसलो. मग तिघांनाही एकदमच सुचलं की भाऊजी खाली उतरले की तोच दगड त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीत असतो. गजानन भिंतीला आधार द्यायला सिमेंटच्या रिंगा आणायला निघून गेला.

*

आणि वडनेरचा तो शेवटचा दिवस. रिंगांच्या फटींतून ओली वाळू खाली सांडत होती, थांबायचं नाव नव्हतं. पक्का खडक लागला की वाळू संपणार, काम संपणार, भाऊजी सुटणार.

इतक्यात इंजिनच्या गोंगाटातून भाऊजींचा आवाज आला, "दगड लागलाऽऽ!"

काठावर एकच जल्लोष! शेतमालक नारळ आणायला पळाला. गजाननने मला मिठीच मारली. खालून अजून काहीतरी ओरडणं चालू होतं, पण ऐकतो कोण? मी ताईला फोन लावला.

"ताई, दगड लागला!"

तिकडे भांडं पडल्याचा आवाज आला. "अवं माय! कुठी? डोक्याले?"

"डोक्याले काऊन? विहिरीत दगड..." तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. हातानंच गजाननला इंजिन बंद करायची खूण केली.

सगळीकडे शांत झालं. नुसती वाळू सांडत होती. मी काठावर पालथा पडून हाक मारली, "भाऊजी!"

"कवाचा वरडून राह्यलो, मले दगड लागला, खांद्याले!" खालून रडवेला आवाज आला. "नारळ मंग फोडजा बे, अगुदर मले काढा!"