दोन्ही बाजूंना सिंह

माझे सासरे पलटणीतून निवृत्त होऊन पलूसला परतले, तेव्हा त्यांच्याकडे एक रुपया होता. त्याच्या दोन्ही बाजूंना सिंहच. छावणीबाहेरच्या बाजारात त्यांनी तो पाचशेला घेतला होता. टाकसाळीत चुकून असा पडला, लाखात एखादा, असं ते आल्यागेल्याला सांगत.

मी एसटीत कंडक्टर. एकदा ते म्हणाले, "पोरी, तुझ्या हातातनं एवढी नाणी जात्यात. आसलं दुसरं गावतंय का बघ की."

मी मनावर घेतलं. सांगली स्टँडवर गाडी थांबली की पिशवीतली नाणी चाळायची, वेगळं दिसलं की पदरचं नाणं टाकून ते ठेवून घ्यायचं. महिन्यात डबा भरला आणि जवळजवळ सगळा टाकाऊ निघाला. कुणी हातोडीनं ठोकलेलं, कुणी रुळावर ठेवलेलं. मग मोबाइलवर बघून वहीत लिहून घेऊ लागले. छाप सरकला असेल तर एका कडेला कोरी चंद्रकोर राहते, पण वजन पुरं भरतं. कानशीनं घासलं असेल तर घटतं. नाणं वरखाली दोन बोटांत धरून गर्रकन फिरवायचं. मागची बाजू सरळ न येता तिरकी आली, तर टाकसाळीतच साचा फिरलेला.

"उघडली का टाकसाळ?" नवरा विचारायचा. मी पुढचं नाणं उचलायचे.

वर्षभरानं दोन रुपयांचं एक सापडलं, मागचा आकडा पार आडवा. त्याच दिवशी लक्षात आलं, सासऱ्यांचा रुपया आपण अजून तपासलेलाच नाही.

त्यांनी तो हौसेनं दिला. सोनाराच्या काट्यावर तो साध्या रुपयापेक्षा हलका भरला. भिंगाखाली कडेच्या आत केसासारखी गोल रेघ दिसली. दोन नाणी कोरून एकात एक बसवलेली.

आठ दिवस मी तो माझ्याजवळच ठेवला. मग एका सकाळी चहा देताना म्हटलं, "मामा, ह्यो जोडलेला हाय."

"कोण म्हणतं?"

"मीच. बघा की तुमी."

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. नाणं उलटं करून पुन्हा पाहिलं. माझंही चुकत असेल, असं म्हणावंसं वाटलं, म्हटलं नाही.

"वीस वर्सं सांगत हिंडलो मी," एवढंच बोलून ते उसाकडे निघून गेले.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी कामावर जात राहिले, नाणी चाळत राहिले. तिसऱ्या दिवशी दारात उभे.

"सांगलीत नाण्यांचं प्रदर्शन हाय म्हणं. तुझं दोन रुपयाचं दाखवू. मी येतो."

प्रदर्शनातल्या जाणकारानं ते फिरवून पाहिलं, तोललं. "अस्सल आहे. कुणी ओळखलं?"

मी तोंड उघडायच्या आत सासरे म्हणाले, "आमच्या सुनंनं. लय चिवट हाय. सासऱ्याला बी सोडत न्हाई."

तो हसला. सासरे हसले नाहीत. शेजारच्या टेबलावर जाऊन त्यांनी स्वतःसाठी एक भिंग घेतलं.

आता सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं डबा मध्ये घेऊन बसतो. परवा पाच रुपयांच्या एका नाण्यावरून जुंपली. ते म्हणतात टाकसाळीतलीच चूक, मी म्हणते ठोकलेलं. अजून ठरलेलं नाही.