चौघांत वाटलेली कादंबरी

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीची बस खेडच्या नाक्यावर थांबली, की उघड्या दारातून रसायनांचा उग्र, काहीसा गोडसर वास बाहेर येतो. लोकांना त्याने मळमळतं. मला मात्र माझी कादंबरी आठवते.

पुस्तक मीच छापलं, मीच विकायला निघालो. प्रकाशकांनी दारात उभं केलं नव्हतं आणि दुकानदारांनी गठ्ठे परत पाठवले होते. हौसेला मोल नसतं म्हणतात. हौसेला वाचकही नसतो, हे कोणी सांगत नाही. सगळं रद्दीत घालून लिहिणं कायमचं सोडायचं, असं ठरवून बसलो होतो. अशात एकदा या बसमधून एक ऑपरेटर उतरला आणि त्याच्या खिशातून माझ्याच पुस्तकाची सुटी पानं डोकावताना दिसली. जीव कळवळला. त्याला मात्र त्यात काही गैर वाटत नव्हतं. "एकाचं वाचून होईस्तवर बाकीच्यांनी काय करायचं? चौघांत वाटून घेतलंव," तो म्हणाला. शिवण उसवून चार भाग केले होते. कोणी मधूनच सुरुवात केलेली, कोणाच्या वाट्याला शेवट आधी आलेला, आणि ज्याला शेवट ठाऊक तो भाव खाऊन राहिलेला. त्यांची ती भांडणं ऐकायला मी मुद्दाम नाक्यावर रेंगाळायचो. इतकं सुख मला लिहितानाही मिळालं नव्हतं.

शेवटचा भाग त्या ऑपरेटरकडे आला आणि तो आजारी पडला. उठलाच नाही. पानं उशाशी तशीच होती. संपून जातील म्हणून राखून ठेवली होती, असं त्याची बायको म्हणाली.

दहाव्याला जगबुडी नदीच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. बायकोने मुलीच्या लग्नाचा शब्द दिला, भावाने घर सांभाळण्याचा. कावळे फांदीवरच. मग बसमधल्या त्या तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो, हात जोडले आणि त्या भाताच्या गोळ्याला माझ्या कादंबरीचा शेवट सांगितला. तरीही काही हललं नाही. तेव्हा तिघांतला एक हळूच म्हणाला, "सर, दुसरं पण लिहिणार हाव म्हणून सांगा त्याला."

मी सांगितलं. कावळा शिवला. लोक आंघोळी करून घरी गेले.

तेव्हापासून रोज कागद पुढे घेऊन बसतो आणि एक ओळ सुचत नाही. आत नुसता कोरडा ठणठणाट. जिवंत वाचकाची काहीतरी सांगून समजूत घालता आली असती. एक खरा वाचक मिळावा म्हणून आयुष्यभर तळमळलो. मिळाला तो असा, की त्याला आता नाही म्हणायची सोय उरली नाही.