समुद्रातला कोयता

कोकणातल्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी सगळ्यांनी हसून विचारलं, "बीडला समुद्र कुठंय?" मी म्हटलं, "नाही, म्हणून तर आले."

तिथं मी किनाऱ्याजवळच्या प्लवकांवर काम करते. हे पाण्यात तरंगणारे इवलेसे जीव. पाण्यातलं मोकळं फॉस्फेट संपलं तरी ते उपाशी बसत नाहीत. ते एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतात, आणि ते विकर मेलेल्या जीवांच्या अवशेषांत अडकलेलं फॉस्फेट तोडून आणतं. त्या विकराला सगळे कात्री म्हणायचे. मी कोयता म्हणाले.

"कात्रीच म्हण, बरं दिसतं," सर म्हणाले. भर बैठकीत मी पुन्हा कोयताच म्हणाले. कात्री कापड कापते. पोटासाठी तोडतो तो कोयता. आता सरही विचारतात, "आज कोयता चालला का?"

दिवाळीला गावी, तेलगावला गेले, तेव्हा आई ऊसतोडीला निघायची बांधाबांध करत होती. तिला हे सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्यांच्या टोळीचा मुकादम कोन?"

"त्यांना मुकादम न्हाई, आई."

गाठोड्याची गाठ आवळत ती म्हणाली, "मंग तुझ्यावानीच हायत की."