अर्धलीतला हिस्सेदार

हिस्सेदारांना माणसांची नावं लक्षात ठेवायची गरज कधी पडलीच नाही. भेटेल तो त्यांचा हिस्सेदार. वडवणीच्या गाडीचा कंडक्टर हिस्सेदार, दाढी करणारा हिस्सेदार, बाजारात तासभर घासाघीस करून ज्याच्याकडून दावं घेतलं तोही भांडण मिटल्याबरोबर हिस्सेदार. शेवटी गावानं ते नाव त्यांनाच चिकटवलं. खरं नाव ऐकू यायचं ते फक्त मतदानाच्या दिवशी.

आमचे मात्र ते खरोखरचे हिस्सेदार होते. बाबा गावच्या शाळेत शिक्षक. विहाराशेजारी भाड्याचं घर, शेत नाही, पण घरच्या दुधाची हौस दांडगी. पगारातून त्यांनी म्हैस घेतली आणि हिस्सेदारांना अर्धलीनं दिली. म्हणजे म्हैस आमची. वैरण, पाणी, शेणघाण त्यांची. दूध त्यांनी डेअरीला घालायचं, आमच्याकडे रोज तांब्याभर द्यायचं, आणि म्हशीची वाढलेली किंमत व होतील ती पारडं निम्मी निम्मी. या कराराला कागद नव्हता. आमच्या ओट्यावर दोघांनी चहा घेतला आणि झालं.

एकदा बाबा माझ्याकडून समानार्थी शब्द पाठ करून घेत होते. भागीदार, वाटेकरी, भागधारक. तांब्या ठेवायला आलेले हिस्सेदार उंबऱ्यातच थबकले.

"ह्यात वाटेकरी कावून घातला, गुरुजी?"

"अर्थ तोच आहे."

"न्हाई जमत. वाटेकरी वाटणीच्या दिवशी येतो. माझे भाऊ हायेत की तसले."

"मग हिस्सेदार म्हणजे काय, सांगा."

"ते मला इचारू नका. मला म्हशीतलं कळतं," म्हणत ते निघून गेले. बाबांनी वाटेकरी काही गाळला नाही. परीक्षेत मला त्याचे मार्कही मिळाले.

मग पावसानं लागोपाठ दगा दिला. माजलगावच्या धरणाचा तळ दिसू लागला, गावातली दूध सोसायटी आटत गेली. आमची म्हैस गाभण होती, दूध देत नव्हती. तरी हिस्सेदार रोज सकाळी रिकामी किटली घेऊन डेअरीच्या रांगेत उभे. सेक्रेटरी वैतागायचा.

"दूध न्हाई तर येता कशाला?"

"समदे घरी बसले तर तू शटर वढून मोकळा होशील. पाऊस पडल्यावर दूध काय तुझ्या डोक्यावर वतावं?"

हळूहळू आणखी काहीजण रिकाम्या किटल्या घेऊन येऊ लागले. गाव हसलं, पण शटर उघडं राहिलं.

म्हैस चारा छावणीत होती आणि तिची हाडं मोजता येत होती. मेली तर हाती काहीच लागणार नव्हतं, म्हणून बाबांना ती विकायची होती. रीतीप्रमाणे तो हक्क त्यांचाच. ते छावणीत गेले, मीही सोबत गेले. हिस्सेदार उसाच्या वाढ्यांतली त्यातल्या त्यात हिरवी पात निवडून तिला भरवत होते.

"विकून टाकू," बाबा म्हणाले. "तुमचीही सुटका होईल."

हिस्सेदारांनी मान वर केली नाही. "इका. तुमी मालक हाव. फकस्त टेम्पोत चढवायला मला बलवू नका."

त्यांनी बाबांना मालक म्हटलं ते आयुष्यात एवढंच. बाबांचा चेहरा पडला. म्हैस विकली गेली नाही. दर रविवारी बाबा छावणीत राहू लागले आणि त्या दिवशी हिस्सेदार घरी जाऊन झोप काढू लागले.

म्हैस तगली. पाऊस झाला, ती व्याली, वगार झाली, आणि बाबांची बीडला बदली झाल्याची ऑर्डर आली. आता अर्धल मोडायला हवी होती. त्याची रीत अशी, की राखणाऱ्यानं किंमत करायची आणि जनावर घ्यायचं की पैसे, ते मालकानं ठरवायचं. हिस्सेदार ओट्यावर बसले. चहा झाला. दुसरा झाला.

"करा किंमत," बाबा म्हणाले.

"करतो की." त्यांनी बशी पालथी घातली. "दिवाळीला करू. घाई काय हाय?"

दिवाळीला आम्ही सगळे गेलो. खरवस खाल्ला, पोटभर गप्पा झाल्या, किंमत राहून गेली. पुढच्या दिवाळीलाही तेच. म्हैस गेली, वगारीची म्हैस झाली, तिला वगारी झाल्या. बाबा वारले तेव्हा हिस्सेदार काठी टेकत बीडपर्यंत आले, माझ्याशेजारी बसून राहिले. उठताना म्हणाले, "अर्धल हाय तशीच हाय, पोरी. आता तुझी न् माझी." त्यानंतरच्या दिवाळ्यांना मी जात राहिले.

यंदा हिस्सेदारही गेले. मी भेटायला गेले तर त्यांची सून मला गोठ्यात घेऊन गेली. दाव्याला म्हैस होती, शेजारी पारडू होतं. किंमत आता तिनं करायची होती. दोनदा तिनं तोंड उघडलं आणि दोनदा पदराआड घेतलं.

"ताई," ती शेवटी म्हणाली, "अर्धल मोडली तर तुमी पुन्हा कशाला येताल आमच्याकडं?"

हिस्सेदारांची आठवण दाटून आली. मी तिथंच कडब्याच्या पेंढीवर बसले.

"दिवाळीला करू," मी म्हणाले. "घाई काय हाय?"