सुरंगीचा वळेसर आणि बाभळीचा काटा

परभणीत मला कुणी सांभाळलं, असं विचाराल तर मी शेवंताअक्कांचं नाव आधी सांगेन आणि काय झालं ते मग. सांगण्याच्या भरात कधी कधी माणूसच मागे राहून जातो, म्हणून नाव आधी.

एसटी स्टँडच्या कुंपणाला लागून अक्कांचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. दुकान म्हणजे खाली ताडपत्री आणि पाठीमागे कुंपणाला बांधलेलं गोणपाट. कुणी पुस्तक विकायला आणलं की अक्का लगेच भाव बोलत नसत. दोन्ही पुठ्ठ्यांना धरून ते उलटं करायच्या आणि चादर झटकावी तसं झटकायच्या. त्यातून काय काय पडायचं! एसटीचं तिकीट, अंगाऱ्याची पुडी, चॉकलेटचा चांदीचा कागद, एकदा तर बाळाच्या जावळाची बट. पडलेली वस्तू अक्का बाभळीच्या काट्याने गोणपाटाला टोचून ठेवत. म्हणत, "पुस्तक म्या इकत घेतलं. हे न्हाई घेतलं. ही लोकाईची अमानत हाय."

जाणारे-येणारे गोणपाट बघायला थांबत. एकदा एका कंडक्टरने गोणपाटावर आपली राखी ओळखली.

"कोणत्या पुस्तकात हुती?" अक्का.

"भूगोलाच्या."

"मंग घे. आन भैनीकडं जाऊन ये. राखी पुस्तकात ठिवून भैन भेटत नसती."

मी वेंगुर्ल्याकडची. नववीत असताना लग्न झालं. हे परभणीच्या एसटी डेपोत मेकॅनिक, म्हणून इतक्या लांब आले. निघायच्या सकाळी आईने सुरंगीची फुलं ओवून वळेसर केला. गजऱ्याला आमच्याकडे वळेसर म्हणतात. तो सुकल्यावर मी नववीच्या मराठीच्या पुस्तकात जपून ठेवला, कारण सुरंगी सुकली तरी तिचा वास जात नाही. पुढच्याच वर्षी आई गेली. निरोप इथे पोचला तेव्हा तिकडे सगळं उरकलं होतं. आईचं म्हणून माझ्याकडे तेवढंच राहिलं. परभणीच्या उन्हात जीव कासावीस झाला की मी ते पुस्तक उघडून नाकाशी धरत असे.

मग मला टायफॉइड झाला. मी दवाखान्यात असताना ह्यांनी खोली बदलली आणि सामान कमी करायचं म्हणून माझी शाळेची पुस्तकं स्टँडवर विकून टाकली. मी विचारलं तर म्हणाले, "शाळा तर सुटली तुझी. मला काय माहीत त्यात फुलं होती?" त्यांचंही खरंच होतं. मी कधी सांगितलंच नव्हतं.

अंगात ताकद नव्हती, तरी स्टँडवर गेले. गोणपाट वरपासून खालपर्यंत बघितलं. वळेसर नव्हता. विचारायचा धीर होईना. उलट कुणी ओरडेल, हसेल, ही धास्ती माझ्या पाचवीला पुजलेली.

"काय शोधायलीस, माय?" अक्कांनीच विचारलं.

"नववीचं मराठी. आमच्या ह्यांनी विकलं होतं."

"ते तर गेलं. झरी गावची एक पोरगी घेऊन गेली."

मी तिथेच ताडपत्रीच्या कडेला बसले.

"काय हुतं त्यात?"

"फुलं."

"कशाची?"

"सुरंगीची."

अक्कांनी पिशवीतून पानाचा डबा काढला. पान-सुपारी पदराला बांधली होती आणि डब्यात पांढऱ्या फडक्यात आईचा वळेसर होता.

"वास हाय म्हणून उन्हात न्हाई टोचला," त्या म्हणाल्या. "वासावरून दोघी बाया आल्या, आमचा हाय म्हणून. एक म्हणली, शेवंतीचा हाय. दुसरी म्हणली, बाभळीच्या फुलाचा. म्या म्हणलं, बाभळीचा गजरा माळणारी तू कोन गं?" मग फडकं माझ्या हातात देऊन त्या हळूच म्हणाल्या, "सुरंगी. कवापासून ह्येचं नाव इचारायले समद्यांला."

मी रडले. अक्कांनी रडू दिलं. आई म्हणून एवढंच राहिलंय, हे मी त्यांना सांगितलं. घरी परतायला उठले तर म्हणाल्या, "आता हे ठिवशील कशात?" आणि ढिगातून दहावीचं मराठी काढून वळेसर स्वतःच आत ठेवला.

"फूल तर धाव्वीत गेलं. तू नववीतच ऱ्हाणार का?"

"शाळा सुटली, अक्का."

"बाहीरून बसता येतंय की."

"मला भीती वाटते."

"वाटू दे. भेणारी मानसं पुस्तक नीट वापरत्यात."

अक्कांना स्वतःला अक्षर लावून लावून वाचता येई. "आमी धम्म घेतला, तवा सासऱ्यानं पैलं काम केलं ते मालकाला शाळंत घातलं," असं सांगत. ते मालक, म्हणजे अक्कांचे यजमान, वारल्यावर हे दुकान त्यांच्याकडे आलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ताडपत्रीवर बसून मोठ्याने धडा वाचायची आणि अक्का ऐकायच्या. हे ड्यूटी संपवून आले की चिडवायचे, "सुटली का शाळा?"

"जावईबापू," अक्का म्हणायच्या, "तुमी पुस्तकं इकली नसती तर ही शाळा भरलीच नसती."

मी दहावी पास झाले. त्याच उन्हाळ्यात ह्यांची बदली नांदेडला झाली. निघताना मी दहावीचं मराठी परत द्यायला गेले, दुसऱ्या कुणा पोरीला होईल म्हणून. वळेसर मुद्दाम आत ठेवला होता. अक्कांना द्यायचं आणखी काय होतं माझ्याकडे? सवयीने अक्कांनी पुस्तक झटकलं. वळेसर त्यांच्या मांडीवर पडला.

"तुमच्यासाठी ठेवलाय," मी म्हणाले.

त्यांनी तो उचलून वास घेतला. "धम्मात इधवा-सवाष्ण असलं काय न्हाई, माय. पर गल्लीत गजरे वाटायलेत तवा बाया मला वगळून पुढं जात्यात." मग तो पुन्हा फडक्यात बांधून माझ्या हातात ठेवला. "हा तुज्या मायचा हाय. मला देयाचा तर ताजा दे."

सुरंगी फाल्गुन-चैत्रात फुलते आणि वेंगुर्ल्याहून परभणी लय लांब. 'लय' हा शब्दही मला अक्कांनीच दिला. फुलं वाटेत कोमेजतील, गाडी चुकेल, ही काळजी मला आतापासूनच लागली आहे. तरी अक्का, मी येईन. ओल्या फडक्यात, केळीच्या पानात गुंडाळून आणीन. तुम्ही नको म्हटलंत तरी स्टँडवर, सगळ्यांच्या देखत, माझ्या हाताने तुमच्या अंबाड्यात माळीन.