अंगणवाडीतला मातीचा ढीग

मोटरसायकल चालूच ठेवून महेश अंगणवाडीच्या फाटकात उभा होता. अंगावर एमआयडीसीतल्या कंपनीचा युनिफॉर्म, हातात लेकीचा घरी राहिलेला डबा. आत येईना आणि परतही जाईना. सेविका रेश्माताई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, खेळ थांबवू का? मी म्हटलं, कशाला, किती छान रमलीत मुलं. आणि मग मी त्या खेळाकडे नीट पाहिलं.

आधी थोडं सांगते. मी अंगणवाड्यांची सुपरवायझर, सरकारी भाषेत मुख्यसेविका. पोलादपूर तालुक्यातली ठरावीक गावं माझ्याकडे. अंगणवाड्यांना भेटी द्यायच्या, मुलांची वजनं तपासायची, मोबाईलवरून फोटो चढवायचे. या फोटोंनी माझी निम्मी नोकरी खाल्ली आहे.

ही अंगणवाडी कापडे गावाच्या पुढची, पुनर्वसनातली. वरच्या वाडीवर दरड आली आणि जे उरले त्यांना खाली रस्त्याकडेला घरं मिळाली. एकमेकांना चिकटलेली, सगळी एकाच रंगाची. अंगण रोलर फिरवून टणक केलेलं. झाड नाही, दगडसुद्धा नाही. तीन-चार वर्षांची मुलं सतरंजीवर बसून अक्षरं गिरवायची. या वयात माती, पाणी, पानं हाताला लागलीच पाहिजेत असं आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात, आणि ट्रेनिंगमधल्या ज्या थोड्या गोष्टी मला मनापासून पटल्या त्यातली ही एक. चिखल मळून बोटांत ताकद आली की पेन्सिल आपोआप धरता येते. उंचसखल जागी चढउतार केली की तोल सावरतो. म्हणून एका ट्रॅक्टरवाल्याच्या मागे लागून मी शेतातली लाल माती आणवली. अंगणात चांगला कमरेएवढा ढीग झाला. एका आईने लगेच ऐकवलं, ''माती घरी पन हाय, मॅडम. शिकवा काय तरी.'' पण सकाळी रडणारी मुलं धावत यायला लागली, तशी तीही गप्प बसली.

तर त्या दिवशी ढिगाच्या पायथ्याशी काड्यांची घरं होती. त्यांच्यावर सागाच्या पानांची छपरं, आत खडे. खडे म्हणजे माणसं. महेशची चार वर्षांची आरोही तांब्याने ढिगाच्या माथ्यावर पाणी ओतत होती. चिखल सुटला आणि घरांवर आला. एकही मूल ओरडलं नाही. सगळी खाली बसली आणि दोन्ही हातांनी उकरायला लागली. सापडलेला खडा धुवायचा आणि ओळीत ठेवायचा. आरोहीने ओळीकडे पाहिलं.

''आजी गावली,'' ती म्हणाली. ''दादा नाय गावला.''

महेश आत आला. चिखलासकट तिला उचललं, मोटरसायकलच्या टाकीवर बसवलं आणि गेला. डबा पायरीवरच राहिला.

रेश्माताईने मग सांगितलं. दरडीत महेशची आई आणि मोठा मुलगा गेले. आई मिळाली, मुलगा मिळाला नाही. काही दिवसांनी शोध थांबवला. आरोही त्यानंतरची.

दुसऱ्या दिवशी आरोही आली नाही. मग हळूहळू बाकीचीही गळायला लागली. बातमी ऑफिसात पोचली आणि आमच्या प्रकल्प अधिकारी मॅडमचा फोन आला.

''तुम्हाला तिथे मातीच सुचली का हो?''

''मॅडम, मुलं भीती खेळून बाहेर काढतात. खेळ बंद केला तर ती आतच राहील.''

''ते मला कळतं. पण लोकांना कोण समजावणार? ग्रामपंचायतीकडे पेव्हर ब्लॉक मंजूर आहेत. घालून घ्या, विषय संपेल.''

त्यांना खरंच कळत होतं, याचाच मला जास्त राग आला.

महेशच्या घरी गेले. त्याच्या बायकोने न विचारता चहा टाकला. आरोही कोपऱ्यात मोबाईल बघत होती, तिने मान वर केली नाही. मी माझं सगळं बोलून घेतलं. पोर मेलेल्यांची थट्टा करत नाही, मनावरचं ओझं उतरवते आहे, तिला येऊ द्या.

''तिला आमी कदी सांगितला नाय,'' महेश म्हणाला. ''पन पाऊस वाढला का आमी दोगं जागे असतो, तेच बोलतो. ती पन जागी असती.''

मग आरोहीकडे बघत म्हणाला, ''ती मोकळी होईल, मॅडम. आमी कुठं खेळायचा?''

चहा निवून गेला. निघताना तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, माती उचला, मी पाठवतो तिला. मी उचलली. त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पोरीसाठी मात्र जीव तुटला.

लाल-पिवळे ब्लॉक बसले. ऑफिसच्या ग्रुपवर फोटोला भरपूर अंगठे आले. आरोही आणि बाकीची मुलं परत आली. धावताना गुडघे फुटायला लागले, म्हणून रेश्माताई त्यांना आतच बसवायला लागली.

पावसाळ्यात भेटीला गेले. मुलं सतरंजीवर प्लॅस्टिकचे ठोकळे घेऊन बसली होती. खाली घरं मांडलेली, त्यांत लाल ठोकळ्यांची माणसं. आरोहीने स्टुलावर चढून टोपलीभर ठोकळे त्यांच्यावर ओतले. सगळी शोधायला लागली. माती लपवते तरी, ठोकळ्यांखाली काही लपत नाही. भराभर सगळं सापडलं.

''आजी गावली,'' आरोही म्हणाली. ''दादा नाय गावला.''

रेश्माताईने मला हळूच तिचा डावा हात दाखवला. मूठ गच्च मिटलेली. बोटांच्या फटीतून लाल ठोकळ्याची कड दिसत होती. खेळ सुरू व्हायच्या आधीच ती तो उचलून घेते, रेश्माताई म्हणाली, आणि घरी जाताना तिच्या मुठीतून सोडवून घ्यावा लागतो. मी म्हटलं, आज सोडवू नका. नेऊ द्या.

ठोकळा परत आला नाही. दुसऱ्या दिवशी महेश तिला सोडायला आला, फाटकात थोडा घोटाळला, मग गाडी वळवून गेला. रेश्माताईनेही ठोकळ्याचं विचारलं नाही.

खेळणी सरकारी असतात. वर्षाखेरीस तपासणी झाली आणि ठोकळ्यांच्या सेटमध्ये एक कमी भरला. कुठे गेला, असं मला ऑफिसात विचारण्यात आलं. सापडला नाही, एवढंच मी सांगितलं. नव्या सुपरवायझरना मी अजूनही मातीच आणायला सांगते. मातीतला एखादा खडा कोणी घरी नेला, तर त्याचा जाब कोणी विचारत नाही.