हाडाला घाई चालत नाही

फोन आला तेव्हा मी दवाखान्यात औजारं निर्जंतुक करायचं यंत्र लावत होते. डॉक्टरांच्या पत्नीचा आवाज होता. "सुनंदा, डॉक्टर गेले गो... चाय पिता पिता." खोटं कशाला लिहू, पहिला विचार त्यांचा आला नाही. माझी जीभ उजवीकडच्या खालच्या दाढेच्या जागी गेली. चार महिन्यांपूर्वी त्यांनी तिथे स्क्रू बसवला होता. हाडाने तो धरला की नाही, हे सांगणारा माणूसच गेला.

मालवणच्या बाजारातल्या त्या दवाखान्यात मी बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. ते मूळचे धामापूरचे. कागदावर प्रमाण मराठी लिहीत, खुर्चीतल्या माणसाशी मालवणीत बोलत. दाताचा स्क्रू टायटॅनियमचा असतो, कारण या धातूला हाड परका मानत नाही. मुद्दाम खरखरीत केलेल्या त्याच्या अंगावर ते हळूहळू चढतं आणि घट्ट चिकटतं, हे ते प्रत्येकाला समजावत. तीनेक महिने लागतात. तेवढ्यात तो हलत राहिला की हाडाऐवजी मऊ पडदा धरतो आणि सगळं फुकट जातं. "हाडाक घाई चलणा नाय," ते म्हणत. मुदत भरली की तोंडात बघायच्या आरशाच्या दांड्याने स्क्रूवर टकटक करायचे आणि कान द्यायचे. हाडाने धरलेला टण वाजतो, सुटलेला बद्द. एका बागायतदाराला म्हणाले होते, "फणस बद्द वाजलो की पिकलो. ह्यो बद्द वाजलो की गेलो!"

मला मात्र त्यांनी सहा महिने थांबायला सांगितलं. मी कारण विचारलं. "तुझा हाड हट्टी आसा, तुझ्यासारख्या. भियां नको." मी हसले, पण भ्याले. कारण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. मी मिश्री लावते. तंबाखूने हिरडीला रक्त कमी पोचतं, हाड नीट धरत नाही, हे गावोगावच्या बायकांना मीच बजावत आले आणि रोज सकाळी न्हाणीघरात डबी उघडत आले.

पुढे दोन महिन्यांनी नांदगावची एक बाई आपला स्क्रू तपासून घ्यायला आली. डॉक्टरांनी दांडा लावला आणि बद्द आवाज आला. दोन बोटांत धरताच तिचा स्क्रू बाहेर... ना रक्त, ना वेदना, चिखलातून खुंटी निघावी तसा. "मिश्री सोडलंस मां?" त्यांनी विचारलं. "कधीच सोडलंय!" ती म्हणाली. ती गेल्यावर मी फणकाऱ्याने म्हटलं, "खोटं बोलतात या बायका." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग बराच वेळ हात धूत राहिले. घरी जाऊन मी डबी फेकली. तिसऱ्या दिवशी नवी आणली.

ते गेल्यावर दोन महिने मी उजव्या बाजूने एक घास चावला नाही. सकाळी उठले की हिरडीतून वर आलेल्या स्क्रूच्या लहानशा टोपीला जीभ लावायची. हलल्यासारखं वाटे. मग हललं नाही असं वाटे. सहा महिने भरले त्या दिवशी डॉक्टरांची मुलगी मधुरा, तीही दंतवैद्यच, मला खुर्चीत बसवून म्हणाली, "मावशी, तुमचा केसपेपर द्या." मी तो काढला. बावीस वर्षं सगळ्यांचे कागद मीच लावले. स्वतःचा भीतीने उघडला नव्हता. त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं : "मिश्री लावते. विचारलं तर नाही म्हणेल. स्क्रू लांब घेतला आहे. सहा महिने थांबणे. मला भीती वाटते."

रोज तोंडात वाकून बघणाऱ्या माणसाला कळणार नाही, असं मला वाटलं होतं!

मधुराने तोच आरसा उचलला. मी खुर्चीचे हात गच्च धरले. टण... तिने पुन्हा वाजवून पाहिलं. टण.

आता तिथे दात बसला आहे. डबी पत्र्याच्या कपाटावर आहे, झाकण लावलेली. सोडली, असं अजून लिहायचं धाडस होत नाही, आजचा दिवस उघडली नाही एवढंच. जीभ अजून रोज सकाळी तिथे जाते, आणि डॉक्टरांनी बसवलेला तो स्क्रू हलत नाही.